पुसलेली क्रीम

त्या वर्षी आमची तुकडी बर्फातल्या एका पोस्टवर चढली. जागेचं नाव लिहीत नाही, लिहायचं नसतं. तिथे झाड नाही, माती नाही, आणि ऊन दोन्हीकडून मारतं. थोडं वरून, थोडं बर्फावर आपटून खालून. अंबरनाथमध्ये ऊन लागलं की आपण कपाळावर हात धरतो आणि दुकानाच्या वळचणीला उभे राहतो. तिथे ते चालत नाही. तिथे नाकाची खालची बाजू भाजते, हनुवटीखाली भाजतं, कानाची पाळी भाजते. तोंड उघडं टाकून धापा टाकत चढलात तर टाळूसुद्धा भाजते. हवा शून्याच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. संध्याकाळी बंकरमध्ये स्टोव्हजवळ बसल्यावर कळतं. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

मी तेव्हा नाईक होतो, रेडिओ सेटवर. आडनाव भोईर, राहणार मोरिवली. आज माझं कारखान्यांच्या बाजूला सेफ्टीच्या सामानाचं दुकान आहे. हातमोजे, हेल्मेट, गॉगल, टोप्या. स्वतःच्या हिमतीवर उभं केलं आहे. माझ्यावर आयुष्यात एकाच माणसाचे उपकार होते आणि तो माणूस म्हणजे आमच्या पोस्टचे सुभेदार शेलार.

शेलार अंबरनाथचेच. शिवमंदिराच्या मागे त्यांचं घर. सुट्टीवर आले की भरतीला जाणाऱ्या पोरांना सकाळी पळवायचे, त्यात मी होतो. बूट त्यांनीच दिले. गावात मी त्यांना दादा म्हणायचो, युनिटमध्ये साहेब. बर्फात काम करायचं ते सगळं त्यांनी शिकवलं. चेहऱ्याची पद्धतही त्यांचीच.

पोस्टवर आरसा ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. चमक लांबून दिसते हे एक कारण. दुसरं कारण ते असं सांगायचे: "स्वतःचा चेहरा माणूस नीट बघत नाही. बडीचा बघतो." प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार. बंकरबाहेर पडण्याआधी बडी म्हणायचा, "तोंड दाखव." मग तोच तुमच्या तोंडाला क्रीम लावायचा. आधी कपाळ आणि गाल, मग नाक, नाकाखाली, ओठांना वेगळी स्टिक, हनुवटीखाली, कान, शेवटी डोळे मिटून पापण्या. थर जाड पाहिजे, पांढरा दिसला पाहिजे. वर गॉगल, बाजूला चामड्याच्या पट्ट्या असलेला. दर दोन तासांनी पुन्हा. ढग असले तरी पुन्हा, कारण पातळ ढगातून ऊन येतंच. नंतर शेलार एकेकाच्या हनुवटीखाली अंगठा फिरवायचे. अंगठा कोरडा निघाला तर बडीला शिक्षा, ज्याचा चेहरा त्याला नाही.

माझा बडी शिपाई लहू पारधी. बारवी धरणाच्या वर एक ठाकूरवाडी आहे, तिथला. आई लहानपणीच गेली, घरी एकटे वडील. दोरावर लहूसारखा माणूस आमच्यात दुसरा नव्हता. उतार बघून तो हसायचा. रंगाने काळाभोर. क्रीम लावताना रोजची बडबड ठरलेली.

"भोईर, मना कशाला लावतोस ही मलई? भाताच्या खाचरात उभा राहून झालाय मी असा. आता आजून काळा कुठं व्हनार?"

"गप. हनुवटी वर."

"वाडीत बापूस बघंल तं म्हनंल, सैन्यात पाठवला का तमाशात?"

"डोळे मीट, नाहीतर डोळ्यात जाईल."

"मी तुला सांगतंय, मना नाय लागत ऊन."

एकदा शेलारांनी ते ऐकलं. जवळ आले आणि म्हणाले, "पारधी, ऊन रंग विचारत नाही. लाव." आम्ही सगळ्यांनी ते वाक्य पाठ केलं होतं. खरं तर लहू बोलायचा तेवढंच. क्रीमला त्याने कधी नाही म्हटलं नाही. दोरावर जाणाऱ्याला ती जास्त लागते, म्हणून मी माझं चॉकलेट देऊन बाकीच्यांच्या अर्ध्या ट्यूब मिळवायचो. सौदा करायची मला सवय आहे. एका डब्यातल्या अननसावर मी दोन ट्यूब काढल्या आहेत.

मग एक दिवस सेटवर निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने एक मोठे साहेब पोस्टला भेट देणार. शेलारांची रिटायरमेंट जवळ आली होती. त्यांना ऑनररी रँकची, म्हणजे जाताना मानाने मिळणाऱ्या अधिकारीपदाची आशा होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी सहा माणसं हेलिपॅडसाठी निवडली. लहू त्यात होता. हुकूम असा: दाढी करा. एवढे दिवस दाढी ठेवायची सूट होती आणि बर्फात दाढी म्हणजे अर्धा बचाव. सहा जणांनी कोमट पाण्यात दाढी केली. खालची कातडी लहान मुलासारखी निघाली.

सकाळी बंकरच्या तोंडाशी मी लहूला थांबवलं. "तोंड दाखव." नेहमीसारखी क्रीम लावली. दाढी गेलेली, म्हणून गालांवर दोन थर दिले. तेवढ्यात शेलार आले.

"हे काय? भुतासारखे उभे करायचे का साहेबांसमोर? पुसा."

मी म्हटलं, "साहेब, ताजी दाढी केलीय सगळ्यांनी."

"पाच मिनिटांचं काम आहे. हेलिकॉप्टर येईल, सलाम होईल, जाईल. मग लावा."

"गॉगल तरी?"

"खिशात. डोळे दिसले पाहिजेत."

लहू हलला नाही. शेलारांनी स्वतःचा हातमोजा काढला आणि लहूच्या गालावरची क्रीम अंगठ्याने पुसली. मग हनुवटीखाली अंगठा फिरवला. रोज तपासायचे तोच अंगठा. बाकीच्या पाच जणांनी आपापले चेहरे बाहीला पुसले.

लहू मला डोळा मारून म्हणाला, "बघ, साहेबांना बी पटला. मना नाय लागत."

मी सेटवर गेलो. आठ वाजता सहा जण हेलिपॅडवर उभे राहिले. आकाशात पातळ पांढरा पडदा होता, वारा नव्हता. नऊ वाजता खालून निरोप आला. फॉक्स वन म्हणजे आमची पोस्ट, बर्ड म्हणजे हेलिकॉप्टर.

"फॉक्स वन, बर्ड डिलेड. स्टँड बाय. ओव्हर."

मी बाहेर जाऊन सांगितलं. "साहेब, उशीर आहे. तोवर आत घेऊ या."

"स्टँड बाय म्हणजे काय, कळतं ना? उभे राहू दे."

दहाला तोच निरोप. अकराला तोच. मी प्रत्येक वेळी बाहेर गेलो, प्रत्येक वेळी तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी आवाज चढवला. शेलारांनी मला सगळ्यांसमोर सेट सोडून बाहेर आल्याबद्दल झापलं. दुपारी एक वाजता निरोप आला, "बर्ड कॅन्सल्ड. आऊट." हेलिकॉप्टर आलंच नाही. त्या सहा जणांचे स्वच्छ चेहरे कोणी पाहिलेच नाहीत.

चार वाजेपर्यंत चेहरे सुजायला लागले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, उजेड सहन होत नव्हता. एकाने मूठभर बर्फ घेऊन गालावर घासला. नर्सिंग असिस्टंट थॉमसने त्याचा हात झटकला. "भाजलेल्या कातडीवर बर्फ घासशील तर कातडी हातात येईल." दुसऱ्याने तेल काढलं, तेही थॉमसने काढून घेतलं. तेल उष्णता आत कोंडतं. त्याने काय केलं ते लिहितो, कारण आपल्याकडे अजून लोक टूथपेस्ट फासतात. गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड, दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं, कोमट झालं की बदलायचं. फोड आला तर फोडायचा नाही. पाणी प्यायचं, तहान नसली तरी. वेदनेसाठी गोळी. डोळ्यांवर ओली पट्टी आणि काळोख. थॉमस शेलारांना म्हणाला, "साब, इन छह को दो दिन बाहर नहीं भेजना. पारधी की आँखें सबसे खराब हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक पेट्रोल होती. खालच्या पोस्टची माणसं अर्ध्या वाटेपर्यंत सामान आणतात, वरून तीन माणसं जाऊन ते घेतात. संध्याकाळच्या कॉलला नेहमी माणसांची हालत सांगायची असते. मी हेडसेट घेतला तर शेलारांनी तो माझ्या हातातून घेतला.

"साहेब, सहा जण भाजलेत. सांगावं लागेल."

"ऊन लागलंय, गोळी नाही लागली." आणि बटण दाबून म्हणाले, "फॉक्स वन. सिच्युएशन नॉर्मल. ऑल रँक्स फिट. ओव्हर."

"रॉजर. लिंक ॲज प्लॅन्ड. आऊट."

सहा जण भाजले असं सांगितलं असतं तर का भाजले हा प्रश्न आला असता. दोराची वाट माहीत असलेले लहू आणि आमच्या पोस्टचा हवालदार हे दोघेच. हवालदार पुढे जाणार, लहू मध्ये. मी म्हटलं, लहूच्या जागी मी जातो. शेलार म्हणाले, "सेट कोण बघणार? तुझा बाप?"

सकाळी मी लहूच्या चेहऱ्याला हात लावला नाही. लावण्यासारखा चेहराच राहिला नव्हता. थॉमसने मऊ जाळीची पट्टी ठेवली, वर मफलर. गॉगलच्या आत डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"दिसतंय का रे?"

"जरा जरा."

"खरं सांग."

"पाय ओळखतात वाट. तू चहा ठेव."

दहा चाळीसला सेट वाजला. हवालदार होता.

"फॉक्स वन, एक कॅज्युअल्टी. क्रेव्हास. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"पारधी. ओव्हर."

"जिवंत? ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "निगेटिव्ह. आऊट."

क्रेव्हास म्हणजे बर्फातली खोल भेग. कसं झालं ते हवालदाराने नंतर सांगितलं. एका जागी जुना दोर संपतो आणि नवा सुरू होतो. कमरेचा हुक एकातून काढून दुसऱ्यात अडकवायचा असतो. डोळ्यांच्या पाण्याने गॉगल आतून धूसर झाला म्हणून लहूने तो वर केला, आणि उजेड लागताच डोळे गच्च मिटले. हुक अडकवल्याचा आवाज हवालदाराने ऐकला. तो हुक बर्फातून बाहेर राहिलेल्या जुन्या दोराच्या कुजक्या टोकात होता. लहूने त्यावर भार टाकला.

खाली उतरल्यावर चौकशी बसली. तोपर्यंत बाकीच्या पाच जणांची कातडी सोलून नवी आली होती. चेहऱ्यांवर काही उरलं नव्हतं. चौकशीच्या आदल्या दिवशी शेलारांनी मला मेसच्या मागे गाठलं.

"भोईर, पोरगा गेला, तो परत येणार नाही. त्याच्या बापाला जे मिळायचं ते मिळेल, मी बघतो. तुझं हवालदारसाठी नाव पुढे आहे. कशाला ताणतोस?"

मी भाजीवालीशीसुद्धा घासाघीस करतो. त्या दिवशी पहिल्यांदा सौदा न करता निघून आलो.

चौकशीत शेलारांनी सांगितलं, "पारधी चांगला जवान होता, पण क्रीमच्या बाबतीत ऐकत नसे. आपण काळे, आपल्याला ऊन लागत नाही असं म्हणायचा. सगळ्यांनी ऐकलंय." पाचही जणांना विचारलं. हो, ऐकलंय. त्यात खोटं काही नव्हतं. क्रीम पुसायला सांगितली का? आठवत नाही. थॉमसने सांगितलं की त्याने भाजलेल्यांवर उपचार केले, ते कसे भाजले ते त्याने पाहिलं नाही. तेही खरं. मला चौकशी घेणाऱ्या मेजर साहेबांनी विचारलं, "तुम्ही हेलिपॅडवर होतात?"

"नाही सर. सेटवर होतो."

"म्हणजे तुमचा चेहरा भाजला नाही."

"नाही सर."

बंकरच्या तोंडाशी क्रीम माझ्यासमोर पुसली हे सांगताना मी टेबलावर हात आपटला आणि शेलारांना नको ते बोललो. माझं बोलणं वरिष्ठाविरुद्धचा राग म्हणून धरलं गेलं. निष्कर्षात लहूच्या नावापुढे एक शब्द लागला: निष्काळजीपणा. वडिलांना पैसे मिळाले, पण तो शब्दही मिळाला. वाडीच्या शाळेत त्याच्या नावाची पाटी लावायची म्हणत होते, ती राहून गेली. मी नाईकचा नाईकच घरी आलो. शेलार ऑनररी लेफ्टनंट होऊन आले.

त्यानंतर अंबरनाथमध्ये मी त्यांच्या घरावरून कधी गेलो नाही. शिवमंदिरात जायचं तर दुसऱ्या बाजूने जायचो. या उन्हाळ्यात तेच माझ्या दुकानात आले. केस पांढरे, हातात काठी. एका मंडळाने कामगारांसाठी, ट्रॅफिक वॉर्डनसाठी उन्हापासून बचावाचा कार्यक्रम ठेवला होता. बोलणार शेलार. वाटायला टोप्या हव्या होत्या, मागे मानेवर पडदा असलेल्या.

"तुझ्याशिवाय चांगलं सामान कोणाकडे आहे?" ते म्हणाले. मग खाली बघत, "भोईर, मला झोप लागत नाही रे."

मी सौदा मांडला. टोप्या माझ्याकडून, फुकट. बदल्यात एक वाक्य. स्टेजवरून, माइकवर. "लहूने क्रीम लावली होती, मी पुसली." समोर त्याचे वडील बसलेले असतील.

"म्हणतो," ते म्हणाले. माझा हात हातात घेतला. "शब्द देतो."

मी उल्हासनगरला गेलो. तिथला सिंधी व्यापारी मला वीस वर्षं ओळखतो. मी प्रत्येक तागा उन्हात धरून बघत होतो, पलीकडचा उजेड दिसला की बाजूला.

"फौजी साईं," तो वैतागून म्हणाला, "टोपी बना रहे हो कि तंबू? कपड़े का भाव करो, सूरज का नहीं."

"माल दाट पाहिजे, साईं. एका माणसाचा बाप घालणार आहे."

पुढे त्याने भावाचा विषयच काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी बदलापूरला गेलो. लहूचे वडील, कमळूबाबा, वाडीवरून गाडीने उतरले होते. त्यांना स्कूटरवर घेऊन आलो. मी आधी सगळं सांगितलं होतं, आज साहेब खरं बोलणार. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. नवी टोपी त्यांनी डोक्यावर न घालता मांडीवर धरली.

शेलार छान बोलले. अकरा ते चार सावलीत राहा, बाह्या पूर्ण घाला, मान झाका, घामाने क्रीम जाते म्हणून पुन्हा लावा, भाजलं तर गार पाणी, फोड फोडू नका. सगळं बरोबर. लोक ऐकत होते. मग ते थांबले. मी खुर्चीच्या कडेवर आलो. शेलारांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग तिथून नजर उचलून मागच्या लोकांकडे नेली.

"माझ्या हाताखाली एक जवान होता," ते म्हणाले. "आपल्याच बाजूचा. गुणी पोरगा. पण म्हणायचा, मी काळा, मला ऊन लागत नाही. मी रोज सांगायचो, ऊन रंग विचारत नाही. त्याने ऐकलं नाही. तो परत आला नाही. तुम्ही तरी ऐका."

टाळ्या पडल्या.

मी उठलो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. मंडळाची दोन माणसं "अहो भोईर, बसा, बसा" करत आली. एकाची कॉलर माझ्या हातात आली होती. तेव्हा मागून कोणीतरी माझा शर्ट ओढला. कमळूबाबा होते. ते मला ओलांडून स्टेजच्या पायरीपाशी गेले. शेलार उतरत होते.

"साहेब," बाबा म्हणाले, "माजा पोरगा आयकत नव्हता?"

शेलारांची काठी पायरीवर घसरली. "बाबा, जुनी गोष्ट. झालं ते झालं."

बाबांनी मघाशी मांडीवर धरलेली नवी टोपी शेलारांच्या हातात दिली आणि वळले.

मी शेलारांना विचारलं, "शब्द दिला होतात ना?"

"एवढी माणसं होती रे समोर," ते म्हणाले. "तुला कळत कसं नाही?"

मला कळतं. पाच मिनिटांसाठी क्रीम पुसली तेव्हाही हेच कारण होतं.

बदलापूरच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. शेडचा पत्रा तापला होता. मी बाबांना पाणी दिलं. पिऊन त्यांनी बाटली परत दिली. मग म्हणाले, "तवा तू लावली व्हतीस त्याला?"

"हो बाबा."

"कशी?"

मी सांगितलं. ते समजले नसावेत, किंवा त्यांना पुन्हा ऐकायचं असावं. त्यांनी डोक्यावरची आपली जुनी टोपी काढली, डोळे मिटले आणि तोंड माझ्यापुढे धरलं. माझ्या खिशात दुकानातली ट्यूब होती. स्टँडवरची माणसं बघत होती. मी कपाळापासून सुरुवात केली. हनुवटीखाली बोट नेलं तेव्हा त्यांनी ती आपणहून वर केली, लहू करायचा तशी.

गाडी आली तेव्हा ते तसेच चढले, पांढऱ्या चेहऱ्याने. पुसली नाही.

शेलारांना ऑनररी रँक आहे, मंडळाचा हार आहे, टाळ्या आहेत. चौकशीत लागलेला शब्द मी काढू शकलो नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. शिपाई लहू पारधी, राहणार बारवीच्या वरची ठाकूरवाडी. हेलिपॅडवर उभं राहण्याआधी त्याने क्रीम लावलेली होती. कपाळ, गालांवर दोन थर, नाक, नाकाखाली, ओठ, हनुवटीखाली, कान, पापण्या. कुठेही कोरडी जागा नव्हती. मी त्याचा बडी होतो. मी पाहिली होती.